बेटाची चाचणी

७ जानेवारी, सोमवार

धाकटी आजपासून आमच्या लॅबमध्ये रुजू झाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ती दोघं वरच्या. म्हणजे जिना एक होताच, आता ऑफिसही एक झालं. सकाळी जिन्यात म्हणाली, "ताई, एकत्रच जाऊया का?" मला वाटेत काम आहे असं सांगितलं आणि लांबच्या रस्त्याने गेले. काम काही नव्हतं.

घरी मला ताई म्हणते, लॅबमध्ये लगेच मॅडम. शिकवून पाठवल्यासारखी. साहेबांनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "या आपल्या मॅडमच्या जाऊबाई," आणि सगळे हसले. मीही हसले. हॉल दाखवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. कपाटाएवढ्या यंत्रात भरलेला आमचा खोटा ग्रिड दाखवला, जो बाहेरच्या विजेच्या जाळ्याची हुबेहूब नक्कल करतो. हीटरांची रांग दाखवली, जी घरांमधल्या वापराची नक्कल करते. पॅनेलवरचे दिवेही दाखवले. ते मी हट्टाने लावून घेतलेत, कारण स्क्रीनवर आकडे कितीही दिसले तरी डोळ्यांना काहीतरी पेटलेलं आणि विझलेलं दिसायला हवं.

"बेटाच्या चाचणीत भार तुम्ही हाताने जुळवता, मॅडम?" तिने विचारलं. हो म्हटलं. "बाप रे," म्हणाली. ते कौतुक होतं की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१० जानेवारी, गुरुवार

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तुम्ही दोघी सारखं बेट बेट काय करता?" तो शाळेत गणित शिकवतो, त्याला सगळं पायरीपायरीने सांगावं लागतं.

छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर वीज बनवून रस्त्यावरच्या लाइनला देत असतो. कंपनीने मागून लाइन बंद केली की त्यानेही दोन सेकंदांच्या आत गप्प बसायचं. नाही बसला तर आजूबाजूला सगळीकडे अंधार, आणि तेवढी एक गल्ली जिवंत. तेच बेट. लाइनमन समजतो की तार मेलेली आहे, आणि हात लावतो. आता, घरांचा वापर आणि छतावरची वीज जर काट्याला काटा सारखी असेल, तर मागचा पुरवठा गेलेला इन्व्हर्टरला सहजी कळत नाही. म्हणून चाचणीत आम्ही मुद्दाम तेच जुळवून आणतो आणि मग स्विच पाडतो. त्या अवघड वेळीही जो विझतो, तो पास.

हे जुळवणं माझ्या हातात आहे. साहेब नेहमी म्हणतात, मॅडमसारखा हात नाही. नवऱ्याला मात्र भलतीच गोष्ट आठवली. त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर, वीज कंपनीत लाइनमनच आहे.

२१ जानेवारी, सोमवार

धाकटीने प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की हीटर आपोआप वरखाली होतात आणि भार जुळतो. मला जिथे अख्खी दुपार लागायची, तिथे आज साहेबांचा चहा संपायच्या आत काम झालं. साहेब कप हातात धरून "वा, वा" करत उभे होते.

अंगाचा तिळपापड झाला. वरून म्हणते, "मॅडम कसं करतात ते बघूनच लिहिलं मी." म्हणजे माझा हात काढून घेतला तो घेतला, वर आभार मानले.

२३ जानेवारी, बुधवार

आज तिचा प्रोग्राम अडकला. मी मदत केली नाही. तिने स्वतःच सोडवला.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज खारू आला होता.

दिराला आम्ही घरात खारू म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि हा पोरगा सदान्‌कदा कुठल्यातरी भिंतीवर नाहीतर झाडावर. डबा मी दिला, गुडघे मी बांधले, गणितात नापास झाला तेव्हा मोठ्या भावापुढे मी उभी राहिले. पुढे खांबावर चढायचीच नोकरी लागली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. धाकटी त्याला नावाने हाक मारते. त्याला नाव आहे हेच आम्ही विसरलो होतो.

पूर्वी ड्यूटी सुटली की स्वारी आधी माझ्या स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभ्याउभ्या खायचं आणि दिवसभराचं सगळं सांगायचं. आता बूट वाजवत सरळ वर जातो. मला त्याचं काही नाही, लग्न झालं की असंच असतं. पण आज धाकटी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, तर आला. "वहिनी, काय आहे खायला?" मी दोन अंडी फोडली.

बोलता बोलता मी सहज विचारलं, "तारेला टेस्टर लावतोस ना नीट?" टेस्टर म्हणजे त्यांची ती लांब काठी. तारेला टेकवली आणि तार जिवंत असली, की वाजते.

हसला. "घाईच्या दिवशी कोण लावतो वहिनी? स्विच मीच पाडलेला, कुलपाची किल्ली माझ्याच खिशात. मग लाइन मेलेलीच असणार ना?"

"अरे, पण नियम आहे."

"नियम आहेच. तिला सांगू नकोस हं, माझं डोकं खाईल ती."

नाही सांगणार म्हटलं. रागावले, पण थोडीच. खरं लिहायचं तर आज दिवसभर मन हलकं होतं. त्याची अशी एक गोष्ट आहे जी मला माहीत आहे आणि तिला नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

लॅबच्या बाहेरची पहिली मोठी चाचणी ठरली. पुढच्या सोमवारी गावाबाहेरच्या एका वसाहतीत, वीज कंपनीच्या सोबत. एक ट्रान्सफॉर्मर, त्यावरची सगळी घरं, जवळजवळ प्रत्येक छतावर सोलर. निम्म्या घरांत निळ्या पेटीचे इन्व्हर्टर, निम्म्यांत दुसऱ्या कंपनीचे पांढरे. दोन्ही आमच्याकडे पास झालेत, दोन्ही रिपोर्टांवर माझी सही आहे. प्रमुख कोण ते साहेब परवा सांगणार.

आणि दुपारी धाकटीने साहेबांना मेल टाकला. म्हणे, निळा आणि पांढरा एकाच लाइनवर एकत्र लावून बेटाची चाचणी आधी लॅबमध्ये व्हायला हवी. कारण काय, तर पुरवठा आहे की गेला हे बघायला प्रत्येक इन्व्हर्टर लाइनला बारीकसा रेटा देत असतो. मागे ग्रिड असला तर लाइन जागची हलत नाही. नसला तर हलते, आणि मग तो बंद पडतो. पण निळा वरच्या बाजूला रेटतो आणि पांढरा खालच्या. एकाच दाराला दोघांनी दोन बाजूंनी रेटलं तर दार हलणार नाही, आणि दोघंही समजतील की ग्रिड शाबूत आहे.

दाराची उपमा साहेबांना आवडली असणार. मला त्या मेलची प्रत होती, "मॅडमच्या माहितीसाठी". मी या लॅबमध्ये आले तेव्हा ही शाळेत फळ्यावर चित्रं काढत असेल, आणि आता माझ्या माहितीसाठी. दोन्ही इन्व्हर्टर एकेकटे पास झालेत. नियमातही एकेकाचीच चाचणी आहे. पास अधिक पास म्हणजे नापास, हे कुठलं गणित?

१३ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी माझं मत विचारलं. मी शांतपणे सांगितलं: नियमात बसत नाही, वेळ जाईल, वीज कंपनीने तारीख दिली आहे, आणि आपल्याच रिपोर्टांवर आपणच शंका घेतली तर बाहेर काय दिसेल? शेवटचा मुद्दा त्यांना पटला. चाचणीची प्रमुख मी.

येताना केक आणला. एक मोठा तुकडा वरही पाठवला. मोठं मन दाखवायची संधी रोज रोज येत नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीकडून माणसांची नावं आली. लाइन बंद केल्यावर तारांना अर्थिंगच्या साखळ्या लावायला खांबावर खारू चढणार. मी मुद्दाम मागून घेतलं होतं, आपला माणूस असला की काम चोख होतं. कँटीनमध्ये धाकटीला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला.

"तो स्वतः लावणार? हाताने?"

"मग काय पायाने?" मी म्हटलं.

ती हसली नाही. पुढे जेवलीही नाही. परवाचा पराभव अजून पचलेला दिसत नव्हता.

संध्याकाळी खाली आली. "ताई, चाचणी दोनच दिवस पुढे ढकलता येईल का? तेवढ्यात मी दोन्ही एकत्र लावून बघते. रिपोर्टवर नाव तुमचंच राहू दे, माझं कुठेच नको."

नाव माझंच राहू दे म्हणे. म्हणजे मी हे सगळं नावासाठी करते, असं तिला वाटतं. मी सांगितलं, घरात ऑफिस आणायचं नाही. बराच वेळ दारात उभी होती. डोळे लाल झाले होते, दिवसभर स्क्रीनपुढे बसलं की होतात तसे. मग गेली. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणत होती?" मी म्हटलं, "काही नाही, हट्ट."

१७ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी ठरवलं की हिचं तोंड एकदाचं बंद करायचं. निळा आणि पांढरा एकत्र लावायचे, स्विच पाडायचा, दोघंही विझलेले दाखवणारा कागद छापून घ्यायचा आणि उद्या वसाहतीत निघण्याआधी सगळ्यांसमोर तिच्या हातात द्यायचा. हॉलमध्ये एकट्याने काम करायचं नाही असा नियम आहे, म्हणून नवऱ्याला नेलं. तो परीक्षेचे पेपर घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर लाल पेन काढून बसला.

तिचा प्रोग्राम मी वापरला नाही. हाताने जुळवलं, केसभर इकडे तिकडे नाही. ग्रिडकडून येणाऱ्या विजेचा काटा शून्यावर आणला. हात अजून गेलेला नाही माझा. मग स्विच पाडला आणि दिव्यांकडे बघत राहिले.

"झालं का?" नवऱ्याने खाली बघूनच विचारलं.

"नाही."

"दिवे चालूच आहेत की."

"दिसतंय मला."

खोटा ग्रिड तुटलेला होता. स्विच पडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. आणि पॅनेलवरचे दिवे जसेच्या तसे. साधी लुकलुकसुद्धा नाही. निळा वर रेटत होता, पांढरा खाली, आणि मधली लाइन आरामात जिवंत होती.

पहिला विचार काय आला, तो इथे नाही लिहायचा तर कुठे? पहिला विचार आला की ती बरोबर होती. दुसरा आला की कोणाला कळायच्या आत सगळं बंद करून घरी जावं. तिसऱ्याची पाळीच आली नाही, कारण नवऱ्याने पेपरांवरून मान उचलली आणि विचारलं, "उद्या खारू अशाच तारेला हात लावणार आहे ना?"

एवढा साधा प्रश्न. गणिताच्या मास्तरला सुचला, मला सुचला नाही.

मी लाल बटण दाबलं, दिवे गेले. तिथूनच साहेबांना फोन केला. नंबर लावताना एक वाक्य तयार केलं होतं, "मला शंका आली म्हणून मी करून बघितलं." ते म्हणूनही झालं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या जाऊबाई म्हणत होत्या तेच." हो म्हटलं. उद्याची चाचणी रद्द झाली.

घरी येऊन तशीच वर गेले. धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "तू म्हणालीस ते खरं निघालं. दोन्ही चालू राहिले." मला वाटलं होतं, निदान मान तरी ताठ करेल. तिने हातातला ओला शर्ट तसाच बादलीत टाकला आणि म्हणाली, "म्हणजे तो उद्या चढणार नाही ना?"

मेल नाही, रिपोर्ट नाही, मी तिला कसं हाकललं तेही नाही. तिला आधी तो आठवला. मला त्याबद्दलही तिचा हेवा वाटला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आजची चाचणी रद्द केली म्हणजे सुटलो, असं नाही. निळे आणि पांढरे शेजारी शेजारी कुठे नाहीत? खारूच्या भागात गल्लोगल्ली आहेत, आणि तो रोज कुठल्या ना कुठल्या खांबावर असतो. कंपन्या सेटिंग बदलतील तेव्हा बदलतील.

सकाळी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, आजपासून टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. सगळं समजावलं, दिव्यांचंही सांगितलं. लक्षपूर्वक ऐकल्यासारखं केलं आणि मग माझा गाल ओढला. "वहिनी, तू पण ना. मी काय नवा आहे का?" आणि शीळ घालत गेला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. शीळ घातली म्हणजे ऐकलेलं नाही.

त्याच्या साहेबाला सांगितलं तर नोकरीवर बेतेल. भावाला सांगितलं तर भाऊ नुसता ओरडेल. त्याला धाक आहे तो एकीचाच, आणि ती माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी काही बोलले नाही. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती.

सुट्टीत तिच्या टेबलाशी गेले. "तो टेस्टर लावत नाही. घाई असली की तसाच हात घालतो. मला स्वतः सांगितलंय त्याने."

तिने माझ्याकडे बघितलं. "कधी सांगितलं?"

"झाले दिवस."

तिने उघडलेला डबा पुन्हा बंद केला. मला शिव्या चालल्या असत्या.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

काल वरती आवाज चढले होते. शब्द कळले नाहीत. मग खारू खाली आला, दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"वहिनी, तुला एकटीलाच सांगितलं होतं मी."

"हो."

"मग?"

मला सांगता आलं असतं. दिवे, दोन्ही इन्व्हर्टर, सगळं पुन्हा. मी म्हटलं, "जेवलास का?" तो निघून गेला.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

बोलत नाही. जिन्यात समोरून आला तर मोबाइल बघतो. धाकटी मात्र बोलते, पूर्वीइतकंच आणि पूर्वीसारखंच नीट. तिने गाल फुगवले असते तर मला सोपं गेलं असतं. नवरा म्हणतो, येईल ठिकाणावर, थोडा वेळ जाऊ दे. तो हे नापास पोरांच्या आयांनाही म्हणतो.

रद्द झालेली चाचणी आता पुढच्या आठवड्यात आहे. पेट्या आधी आहेत तशाच ठेवून बघायचं, मग सेटिंग बदलून. प्रमुख धाकटी. साहेबांनी विचारलं आणि मीच तिचं नाव सुचवलं, असं लिहायला आवडलं असतं. साहेबांनी विचारलंच नाही.

६ मार्च, बुधवार

वसाहत लहानशी आहे, रस्ते सरळ, घरं एकसारखी. ऊन कडक होतं, म्हणजे छतावरची वीज भरपूर, आणि आम्ही हीटर लावून वापरही तेवढाच करून ठेवला होता. धाकटी टोपी घालून ट्रान्सफॉर्मरजवळ उभी होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिला ते शोभत होतं. तेही झोंबलं.

तिने एक नवा नियम केलाय. टेस्टर लावणाऱ्याने जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं, खालच्या माणसाने ते लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. तोवर तारेच्या जवळ हात न्यायचा नाही, आणि हे सगळं ती स्वतः खांबाखाली उभी राहून बघणार. लिहून घ्यायचं काम तिने मला दिलं. "ताई, तुम्हीच लिहा," म्हणाली. साइटवर, सगळ्यांसमोर, ताई. मुद्दाम म्हणाली की चुकून, हा विचार करायलाही वेळ नव्हता.

खारू चढला. लहानपणी चढायचा तसाच, घाई करत. मधेच थांबला, खाली बायकोकडे बघितलं आणि पट्टा कडीत नीट अडकवला. कंपनीच्या माणसाने लाइन पाडली, कुलूप लावलं, किल्ली खारूकडे वर पाठवली. त्याने ती खिशात टाकली. आजूबाजूच्या घरांत कोणाचाही पंखा थांबला नाही. एका खिडकीत टीव्ही चालू होता, तो चालूच राहिला. काय होणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी कोणी हललं नाही.

त्याने काठी पुढे केली आणि तारेला टेकवली. ती वाजली. खालपर्यंत ऐकू आली.

तो काही क्षण तारेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या छतांकडे तोंड करून म्हणाला, "मॅडम, लाइन जिवंत आहे."

शाळेत होता तेव्हापासून मी त्याची वहिनी आहे. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "लाइन जिवंत आहे." आवाज नीट आला, त्याची मला काळजी होती. मग धाकटीने मान हलवली आणि मी म्हटलं, "हात लावू नको. खाली ये."

तो उतरला. हेल्मेट काढलं आणि जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला. तिने त्याची बाही घट्ट धरली, सगळ्या माणसांसमोर, आणि त्याने ती सोडवून घेतली नाही. माझ्याकडे त्याने शेवटपर्यंत बघितलं नाही. मी कागदावर मान घालून होते, पण मला सगळं दिसत होतं, आणि जळायचं तेवढं मी जळले.

पण तो उतरला.